मेणाचं निरूपण

बुवांनी कशाला हात लावला होता, हे घरात कोणाला विचारावं लागत नसे. दाराची कडी, वर्तमानपत्राचं पहिलं पान, चष्म्याची काच, चहाचा कप, जिथे तिथे जवसाच्या तेलाचा एक गोल पिवळसर अंगठा उमटलेला असायचा. "चोरी करायला हा माणूस बिनकामाचा आहे," त्यांची बायको म्हणे. "पोलीस यायच्या आधी मीच पकडून देईन."

तेलाला कारण होतं. बुवा रायफलीचे दस्ते घडवत. दस्ता म्हणजे रायफलीचं लाकूड, नेमबाज खांद्याला टेकवतो आणि गालाशी धरतो ते. लोखंड कारखान्यातून येई, लाकूड बुवांच्या हातून. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण काम करताना ते इतकं बोलत, तेही असं रंगून, दाखल्यांवर दाखले देत, मध्येच एखादी ओळ गुणगुणून पुन्हा मूळ पदावर येत, की गल्लीने त्यांना बुवा करून टाकलं होतं. गिऱ्हाईक दस्ता न्यायला येई आणि निरूपण घेऊन जाई. दस्ता बहुधा पुढच्या खेपेला मिळे.

निरूपणाचा विषय ठरलेला. बैठक.

"लोखंड लाकडात नुसतं ठेवून चालत नाही, ते बसलं पाहिजे," बुवा सांगत. "माणूस प्रार्थनेला बसलाय आणि मन बाजारात भाव विचारत हिंडतंय, त्याला बसणं म्हणायचं का? तसंच हे. कणभर जागा सैल राहिली की गोळी सुटताना लोखंड हलणार, आणि पुढच्या गोळीला ते भलत्याच जागी असणार. मग नेमबाजाने श्वास रोखला काय आणि सोडला काय."

ऐकणारे माना डोलवत. एकच श्रोता डोलत नसे. तो म्हणजे त्यांचे व्याही, सुनेचे वडील.

व्याही निवृत्त ड्रिलमास्तर होते. पाठ ताठ, मिशी ताठ, बोलणंही ताठच. नेमबाजीच्या क्लबातले ते सगळ्यांत जुने नेमबाज. मुलांचं लग्न ठरलं त्याच दिवशी, पाहुण्यांसमोर, बुवांचं निरूपण ऐन रंगात आलेलं असताना मास्तर शांतपणे म्हणाले होते, "मारते ती नळी, व्याहीबुवा. लाकूड आपलं धरायला." सगळे हसले होते. बुवाही हसले होते. पण ते वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. दिसत नव्हतं, बोट फिरवलं की टोचत होतं.

आणि देवाची करणी बघा, त्याच मास्तरांच्या रायफलीचा दस्ता मुठीपाशी तडकला. लेकीच्या सासरी आले, रायफल बाकावर ठेवली, म्हणाले, "लाकूडच आहे, कुठलंही चालेल."

बुवा काही बोलले नाहीत. हेच एक नवल. ते आत गेले, खाटेखाली वाकले आणि अक्रोडाची एक जुनी फळी ओढून बाहेर काढली.

"ती फळी?" बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्या फळीला वळसा घालून मी केर काढतेय. माझ्या भावाने कपाटाला मागितली तर दिली नाहीत."

"कपाटात काय बसणार आहे? साड्या. साड्यांना बैठक लागत नाही."

त्या फळीतून बुवांनी दस्ता काढला. कोरला, तासला. लोखंडाला दिव्याची काजळी फासून लाकडात दाबायचं, उचलायचं, लाकडावर जिथे काळं लागलं तिथलं केसभर खरवडायचं, पुन्हा दाबायचं. असं किती वेळा केलं ते त्यांनी मोजलं नाही. मग ओलं फडकं फिरवून लाकडाचे तंतू उठवले, घासले, पुन्हा उठवले, पुन्हा घासले. मग तेल. तळव्याने चोळायचं, तळवा गरम होईपर्यंत, आणि सुकायला टांगायचं. तेलाचे हात एकावर एक चढत गेले तशी आतली नक्षी अशी वर आली, की दुपारच्या उन्हात दस्ता बघताना बुवांची बायकोसुद्धा एकदा थांबली.

राहिली होती ती बैठक. हल्ली दोन डब्यांतला लेप मिळतो. कालवून लाकडाच्या खाचेत भरायचा, त्यात लोखंड दाबून ठेवायचं. सकाळपर्यंत लेप दगडासारखा होतो आणि लोखंडाचा ठसा जशाच्या तसा घेतो. एकच पथ्य. आधी लोखंडाला सगळीकडून मेण चोळायचं. ते विसरलं तर लेप लोखंडाला जन्माचा धरून बसतो.

ही कामं तीन वर्षं सून बुवांच्या बरोबरीने करत होती. मुलगा त्या वाटेचा नव्हता. त्याने खिळा ठोकायला घेतला की घरातले भिंतीची काळजी करत. तो नोकरीनिमित्त परगावी आणि सून बाकाशी, असा संसार सुखाने चालला होता. पण या रायफलीची बैठक करायच्या बुधवारी बुवांनी तिला दारातच अडवलं.

"ही माझ्या एकट्याच्या हातची होऊ दे. नाहीतर तुझे वडील म्हणायचे, पोरीने केलं, हे नुसते बोलत बसले."

"आप्पा म्हणतील खरे," सून म्हणाली. तिने कमरेचा फडका सोडून त्यांच्या हातात दिला. "बरं बाबा. मेण तेवढं ध्यानात ठेवा."

"मला सांगतेस?"

"तुम्हांलाच सांगतेय."

ती गेली. बुवांनी लोखंड तेलाच्या हाताने पुसलं, न्याहाळलं, मेणाची डबी पुढ्यात ओढली, आणि नेमका फोन वाजला. मास्तर.

"रविवारचं ध्यानात आहे ना?" मास्तर म्हणाले. "क्लबाचा सामना आहे. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, मग डॉक्टर वर्षभर रायफल हातात धरू देणार नाही. हा सामना माझ्या रायफलीने खेळायचाय मला. ती नसेल तर माझी जागा तो दातांचा डॉक्टर घेईल, दोन वर्षं जीभ बाहेर काढून बसलाय."

"रायफल शनिवारी तुमच्या खांद्यावर असेल. आत्ता बैठकच करतोय. मेणापर्यंत आलोय."

"मेण कशाला? मेणबत्ती लावून बसता की काय?"

झालं. दिवा लावायला काडी पुरते. बुवांनी फोन कानाखांद्यात धरला आणि मेणावर जे काही ते बोलले, ते ऐकायला गल्ली जमायला हवी होती. मेण म्हणजे विरक्ती. लेपाने लोखंडाला चहूबाजूंनी मिठी मारायची, पण अडकून पडायचं नाही. संसार असाच करावा. सगळ्यांत असावं, कशाला चिकटू नये. बोलता बोलता ते लोखंड हातात फिरवत होते, कुठे कुठे मेण पोचलं पाहिजे ते अंगठा दाबून दाबून स्वतःलाच दाखवत होते. इथे. आणि इथे खालच्या ठोकळ्याला, धक्का हाच झेलतो. आणि इथे आतल्या कोपऱ्यात, लोक नेमके हाच कोपरा विसरतात.

"झालं तुमचं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं," बुवा तृप्तीने म्हणाले. फोन ठेवला, लेप कालवला, भरला, लोखंड त्यात दाबलं, आणि एक ओळ गुणगुणत हात धुवायला गेले.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्क्रू काढले. स्क्रूंना ग्रीस होतं, ते आले. मग रबरी हातोडीने नळीखालून हलकेच ठोकलं. काही हललं नाही. जरा जोरात ठोकलं. बाकावरचा चष्मा उडाला, रायफल होती तशी. बुवांची नजर मेणाच्या डबीकडे गेली. डबी उघडी होती. आतलं मेण कोऱ्या पाटीसारखं गुळगुळीत, बोट लागल्याची खूणसुद्धा नाही. ज्या घरात बुवांचा अंगठा लागला नाही अशी वस्तू शोधून सापडली नसती, त्या घरात ही एक होती.

ते स्टुलावर बसले. दस्ता करवतीने चिरला तर लोखंड सुटेल. पण मग दस्ता कुठला, आणि रविवार कुठला. खाटेखाली आता दुसरी फळी नव्हती.

सून चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी रायफलीवर वर्तमानपत्र टाकलं. वर्तमानपत्राखालून नळी हातभर बाहेर आलेली होती.

"पेपर कोण वाचतंय, बाबा? रायफल?"

बुवांनी वर्तमानपत्र आणखी पुढे ओढलं.

तिने डबीकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं, आणि कप हळूच बाकावर ठेवला. "मेण," ती म्हणाली.

"मी लावलं होतं. म्हणजे मला असं चांगलं आठवतंय, की..." ते थांबले. आठवत होतं ते सगळं बोललेलं आठवत होतं. "मी फोनवर होतो."

"कोणाच्या?"

"तुझ्या वडिलांच्या."

सुनेने पदर तोंडाशी नेला. हसू की रडू हे तिचं तिलाच कळेना. शेवटी हसूच आलं. "बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आता रागवायला तोंड कुठे ठेवलंय."

"मागच्या कामांना मेण कोणी लावलं, असं वाटतं तुम्हांला?"

बुवांनी मान वर केली.

"तुम्ही सांगायचात, मी लावायचे. कधी तुम्ही जेवायला गेलात की, कधी गिऱ्हाईकाशी बोलताना. तुमचं निरूपण मेणापाशी आलं की मी डबी उचलायचे. या वेळी तुम्ही मला दाराबाहेर काढलंत."

"तुझ्या सासूला हे ठाऊक होतं?"

"मीच तिला सांगितलं होतं," आतून आवाज आला. बुवांची बायको कान देऊन उभी होती, हे वेगळं सांगायला नको. "नवीन लग्न झालं होतं हिचं. म्हटलं, बाई, तुझे सासरे कशात चुकत नाहीत, फक्त जे बोलतात ते करायचं राहून जातं. तेवढं सांभाळ."

बुवांनी चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "एक उपाय आहे. थंडी. गोठवलं की लोखंड आकसतं, लाकूड तितकं आकसत नाही. सुटलं तर त्याने सुटेल. नाहीतर करवत."

घरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात रायफलीचा फार तर खटका मावला असता, आणि तो तर सुरक्षेसाठी आधीच काढून कपाटात कुलपाखाली ठेवला होता. पण समोर आइस्क्रीमचं दुकान होतं, त्यात माणूस आडवा होईल एवढा फ्रीझर. नळी नि दस्ता प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, वरून जुन्या चादरीत गुंडाळून सून आणि सासू तिरडीसारखं उचलून घेऊन गेल्या. आइस्क्रीमवाल्याने चादरीकडे पाहिलं, मग बुवांच्या बायकोकडे पाहिलं.

"काकू, बुवा घरात आहेत ना?"

"आहेत. अजून तरी. संध्याकाळपर्यंत ठेव हे."

त्याने पिस्त्याचे डबे उपसले आणि जागा केली.

इकडे बुवा बाकाशी बसून होते. करवत त्यांनी नजरेआड ठेवली होती, पण कुठे ठेवलीय ते विसरता येत नव्हतं. चूक हातून झाली असती तर त्यांना एवढं लागलं नसतं. हात म्हातारे होतात. ही जिभेने केली होती. त्यांनी देवाला सांगितलं, या वेळी सोडव, पुढल्या वेळी आधी लावीन आणि मग बोलीन. मग त्यांना वाटलं, देवाने यातला दुसरा भाग ऐकून घेतला असेल, विश्वास ठेवला नसेल.

दुपार कलली आणि दारात काठी वाजली. मास्तर. खांद्याला पिशवी, मिशीवर घाम.

"शनिवारी येणार होतात ना?" बुवांच्या तोंडून निघून गेलं.

"आलो सहज. लेकीकडे यायला मुहूर्त लागतो का?" मास्तरांची नजर बाकावर फिरली. "रायफल?"

"सुकतेय," बुवा म्हणाले.

"गारव्याला ठेवलीय," बायको म्हणाली. दोघं एकदमच बोलली.

मास्तरांनी एकदा बुवांकडे, एकदा त्यांच्या बायकोकडे पाहिलं. शाळेत खिडकी फुटल्यावर रांगेतल्या पोरांकडे बघत तसं. मग लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"बरं. बाहेर भट्टी पेटलीय नुसती. समोर आइस्क्रीम मिळतं ना? बसा, मी आणतो सगळ्यांना."

"आप्पा, मी जाते," सून उठली.

"बस तू. अजून पाय आहेत मला." आणि ते गेलेसुद्धा.

बुवांनी डोळे मिटले. खिडकीतून दिसत होतं ते त्यांना बघायचं नव्हतं, पण बायको सांगत होतीच. "पोचले. बोलतायत. त्याने झाकण उघडलं. तो हसतोय. मेला हसतोय बघा कसा."

मास्तर परत आले ते कवायतीच्या चालीने. एका हातात आइस्क्रीमच्या कपांची पिशवी, खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं लांबडं गाठोडं, त्यातून थंड वाफ निघतेय.

"दुकानदार म्हणाला, बुवांचं हे घेऊन जा, पिस्त्याला जागा नाही." त्यांनी गाठोडं बाकावर ठेवलं. "निम्मं आयुष्य खांद्यावर वागवलीय. चादरीतून ओळखू येणार नाही मला? आता सांगा, हिला ताप आला होता का?"

बुवांनी सांगितलं. निरूपण नाही, दाखला नाही. तीन वाक्यांत सांगितलं, आणि त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत छोटी तीन वाक्यं असावीत. "मेण लावायचं राहिलं. लोखंड चिकटलंय. सुटलं नाही तर रविवार गेला, आणि दोष माझा."

मास्तरांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "असं कसं होईल? मेण लावल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलंय."

सुनेला राहवेना, ती आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला आणि मागोमाग सासूचा.

"हसताय काय," बुवा म्हणाले, पण त्यांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. "गार आहे तोवर ठोकलं पाहिजे. मास्तर, नळी धरा. मी लाकूड धरतो. आणि तू ये इकडे, पोरी. हातोडी तू मार."

"मी?"

"माझा हात आज भरवशाचा नाही. आणि जीभ तर नाहीच."

मास्तरांनी नळी धरली, ध्वजाची काठी धरावी तशी. बुवांनी दस्ता छातीशी कवटाळला. सुनेने एकदा ठोकलं. काही नाही. दुसऱ्यांदा ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला 'कट्' असा सुका आवाज झाला आणि बुवांच्या छातीत त्याहून मोठा. लाकूड फुटलं, असंच त्यांना वाटलं. डोळे उघडले तेव्हा मास्तर एक पाऊल मागे गेले होते आणि त्यांच्या हातात नुसतं लोखंड होतं.

बुवांनी दस्ता खिडकीपाशी नेला, खाच उजेडात धरली. एका कोपऱ्यात लेपाचा नखाएवढा टवका उडाला होता. बाकी बैठक आरशासारखी, लोखंडाची ओळ न ओळ उतरलेली. पण बुवा भलतंच काही बघत होते. त्यांनी चष्मा पुसला, त्यामुळे तो जास्तच तेलकट झाला.

"काय झालं?" सुनेने वाकून पाहिलं. आणि तिनेही पाहिलं ते.

लेपात अंगठे उमटले होते. खालच्या ठोकळ्यापाशी, आतल्या कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीवर. रेषा न रेषा, गोल न गोल. फोनवर बोलताना जिथे जिथे बुवांनी बोट दाबून 'इथे मेण' म्हटलं होतं, तिथे तिथे.

"तेलाने सोडवलं," सून हळूच म्हणाली. "मेण नव्हतं, पण तुमच्या हाताचं तेल होतं, बाबा."

"ज्या तेलावरून मी जन्मभर बोलले," बायको म्हणाली. तिने अंगठ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "दाराची कडी मी मात्र पुसणारच आहे."

बुवा खाली मान घालून म्हणाले, "ठसे खरवडून काढतो. टवका भरताना वरून एक पातळ हात देतो, कोणाला कळणारही नाही."

"हात लावू नका," मास्तर म्हणाले. आवाज ड्रिलचा होता. सगळे जागच्या जागी थांबले. "टवका भरा. बाकी राहू दे. रायफल कोणाची ते मला ठाऊक आहे. लाकूड कोणाचं तेही कुठेतरी लिहिलेलं असावं." मग आइस्क्रीमची पिशवी बघून म्हणाले, "हे वितळलं. तुमच्या बैठकीपायी."

वितळलेलं आइस्क्रीम सगळ्यांनी वाटीतून प्यायलं. नंतर लोखंड ऊब धरून पुरतं कोरडं झाल्यावर टवका भरायचं काम झालं. मेण सुनेने लावलं. बुवा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते आणि मास्तर त्यांच्यासमोर पहारा दिल्यासारखे उभे होते. मेणापाशी आल्यावर बुवांचे ओठ हलले.

"एक शब्द नको," तिघंही म्हणाली.

शनिवारी शेवटची परीक्षा झाली. मागे लोखंड घट्ट बसलं पाहिजे, पण पुढे नळी लाकडाला कुठेही टेकता कामा नये, दोन्हींमध्ये कागद मोकळा सरकला पाहिजे. मास्तरांनी खिशातलं बसचं तिकीट काढलं, नळीखाली घातलं आणि टोकापासून बैठकीपर्यंत ओढत नेलं. ते कुठे अडलं नाही. तिकीट त्यांनी नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवलं. मग रायफल खांद्याला लावली, गाल लाकडावर टेकवला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसेच राहिले.

रविवारी बुवा फोनच्या भोवती घिरट्या घालत होते. फोन वाजला तेव्हा तो उचलायला त्यांना इतकी घाई झाली, की तो हातातून निसटून पडला. सुनेने उचलून कानाशी धरला.

"आप्पा? हं. हो. इथेच आहेत." तिने फोन पुढे केला. "तुम्हांला देते."

"कसं झालं?" बुवांनी विचारलं.

"डोळ्यांपुढे जरा धुकं होतं," मास्तर म्हणाले. "दातांचा डॉक्टर मागे बसून बघत होता. त्याला बसूनच राहावं लागलं."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटच्या दहा गोळ्यांचं मिळून एक भोक पडलंय, आइस्क्रीमच्या कपाच्या झाकणाएवढं. गोळ्यांची इतकी दाट टोळी मी तरुणपणीही लावली नव्हती." मग मास्तर खाकरले. "नळी चांगली आहे हो माझी."

बुवांनी दीर्घ श्वास घेतला. बोलायला तोंड उघडलं.

"पण या वेळी," मास्तर पुढे म्हणाले, "लाकडाने तिचं ऐकलं."

बुवांनी तोंड मिटलं. सुनेने पाहिलं तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि रिकाम्या हाताचा अंगठा भिंतीवर सावकाश फिरवत होते. भिंतीवर ताजा, गोल, पिवळा डाग उमटला. आतून सासू बघत होती. पुसायचं फडकं तिने उचललं, आणि मग कशाला कोण जाणे, परत खुंटीला अडकवलं.

"मास्तर," बुवा फोनमध्ये म्हणाले, "बैठक म्हणजे कसं असतं, सांगू?"

"सांगा," मास्तर म्हणाले. "पण आधी डबी पोरीच्या हातात द्या."